बिघडलेल्या खडकाच्या मागावर

सोनं शोधायला निघालेला भूवैज्ञानिक दिवसभर सोनं बघतच नाही, हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. तो बघत असतो बिघडलेला खडक. म्हणजे जो खडक मुळात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, टणक, हातोडी मारली की खणखणणारा होता आणि आता फिकट, हिरवट नाहीतर पिठूळ झालाय, नखाने ओरखडा उठतोय, मधेमधे पायराइटचे (लोह आणि गंधकाचं खनिज) पितळी दाणे. असा खडक दिसला की आमच्यातल्या लोकांचे डोळे चमकतात, आणि छान ताजा, पॉलिश करून भिंतीला लावावा असा ग्रॅनाइट दिसला की तोंडं वाकडी होतात. मी कोअर लॉगिंग करतो, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेल्या दगडाच्या लांबलचक कांड्या बॉक्समध्ये ओळीने मांडायच्या आणि मीटर-मीटरने काय दिसतंय ते लिहायचं. या कामात उघड्या डोळ्यांनी सोनं दिसल्याचे प्रसंग फार थोडे, बाकी सगळा वेळ खडक किती बिघडलाय, कसा बिघडलाय आणि कुठल्या दिशेने जास्त बिघडत चाललाय याचीच नोंद.

हा बिघाड करतं गरम पाणी. भिंतीला ओल आली की तिचा डाग कुठे गडद होतोय ते बघत प्लंबर गळका पाइप शोधतो ना, तसंच हे आहे, फक्त इथे पाइप लाखो वर्षांपूर्वी बंद पडलाय आणि डागच तेवढा शिल्लक राहिलाय.

आधी थोडा हिशेब. पृथ्वीच्या कवचात सोनं सगळीकडे आहे, पण टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम. मोठ्या उघड्या खाणीला परवडायचं तर टनाला ग्रॅमच्या आसपास तरी लागतं, आणि खोल भुयारी खाणीला त्याच्या कितीतरी पट. म्हणजे कुणीतरी ते हजारपट, काही ठिकाणी दहा हजारपट गोळा करून एका जागी आणून ठेवायला हवं. एवढी उचल-ठेव करायची तर वाहणारं काहीतरी लागतं, ते सोन्याला विरघळवू शकलं पाहिजे आणि मग नेमक्या जागी सोडूही शकलं पाहिजे. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे असं मला वाटतं. विरघळलेलं सोनं घेऊन जाणारं पाणी जमिनीखाली भरपूर असणार, ते सोनं वाटेत कुठे सांडलं आणि का सांडलं हा खरा प्रश्न.

आता यात मॅग्माचं काम काय? शाळेत आपण ग्रॅनाइट शिकतो तो थंड होऊन गोठलेला मॅग्मा म्हणून, आणि तिथेच विषय संपतो. पण मॅग्मा म्हणजे नुसता वितळलेला दगड नाही, त्यात पाणी असतं, गंधक असतं, क्लोरीन असतं. जिथे समुद्राच्या तळाची प्लेट दुसऱ्या प्लेटखाली घुसते, म्हणजे पॅसिफिकच्या भोवतालची सगळी ज्वालामुखींची रांग, तिथला मॅग्मा विशेष पाणीदार असतो, वजनाच्या चार टक्के किंवा त्याहूनही जास्त पाणी. खोलवर दाब प्रचंड असल्यामुळे हे पाणी मॅग्मात मुकाट विरघळून राहतं. मॅग्मा वर सरकला, दाब कमी झाला, स्फटिक बनायला लागले (स्फटिकांना बहुतेक पाणी नकोच असतं) की उरलेल्या रसात पाणी मावेनासं होतं आणि ते फुटून बाहेर पडतं. पाच-सहाशे अंशांच्या वरचं, खारट, गंधकाने भरलेलं. ज्याला पाणी म्हणायचं की वाफ असा प्रश्न पडावा असं काहीतरी. बाहेर पडताना ते फुगतं, आजूबाजूचा गोठलेला खडक तडकवतं, आणि त्या असंख्य तडांमध्ये क्वार्ट्झ भरून बारीक शिरांचं जाळं तयार होतं.

आपल्याकडे म्हणतात आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि बरीच वर्षं लोकांचा समज असाच होता की सोन्याची खाण देणारा मॅग्मा मुळातच सोन्याने श्रीमंत असणार. तसं असायलाच पाहिजे असं नाही. साधं गणित करून बघा. एक घन किलोमीटर मॅग्मा म्हणजे साधारण अडीच अब्ज टन. टनाला फक्त २ मिलिग्रॅम सोनं धरलं तरी ५ टन झालं. मॅग्माचे साठे शेकडो घन किलोमीटरचे असू शकतात, म्हणजे अगदी सामान्य मॅग्मातही हजार टन सोनं सहज असतं. आडात आहे हो, फक्त ते तळाशी बसून राहायला नको. आणि तळाशी बसवतं ते गंधक. सोन्याला गंधकाची भयंकर ओढ, त्यामुळे मॅग्मात खोलवर जर लोह-तांब्याच्या सल्फाइडचे थेंब वेगळे झाले तर सोनं त्यांच्यात शिरतं, जड थेंब खाली राहतात आणि वर जाणारा मॅग्मा रिकाम्या हाताने वर जातो. मॅग्मात ऑक्सिजनचं प्रमाण चांगलं असेल तर गंधक सल्फेटच्या रूपात विरघळलेला राहतो, ते थेंब सहजी बनत नाहीत, आणि सोनं पाणी सुटेपर्यंत रसातच टिकून राहतं. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात आवडतो. खाण होणार की नाही याचा अर्धा निकाल दहा-वीस किलोमीटर खोल, आपण कधीही बघू शकणार नाही अशा जागी लागलेला असतो.

पोर्फिरी म्हणतात त्या, म्हणजे अशा शिरांच्या जाळ्यात धातू बसलेल्या साठ्यांमध्ये ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते. अमेरिकेतल्या युटामधली बिंगहॅम कॅन्यन, जिचा खड्डा किलोमीटरहून खोल आहे, किंवा इंडोनेशियातल्या पापुआच्या डोंगरात चार हजार मीटरच्या वर असलेली ग्रासबर्ग. नाव तांब्याचं, पण सोनंही राक्षसी प्रमाणात. ग्रासबर्गचा मॅग्मा वयाने अगदी कोवळा, जेमतेम ३० लाख वर्षांचा. तिथे शेजारचा एर्ट्सबर्ग नावाचा तांब्याचा डोंगर १९३६ साली एका डच भूवैज्ञानिकाने पाहून नोंदवला, पुढे तिथे खाण सुरू झाली, चालली, संपतही आली, आणि काही किलोमीटरवरचा ग्रासबर्ग ड्रिल होऊन त्याचा आवाका कळायला १९८८ उजाडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा याचं याहून महागडं उदाहरण मला तरी माहीत नाही.

बरं, तर कोअरच्या कांड्यांकडे येतो. अशा एखाद्या साठ्यात बाहेरून आत ड्रिल करत गेलात तर काय दिसतं ते सांगतो. सुरुवातीला खडक हिरवट, क्लोराइट आणि एपिडोट या खनिजांचा रंग. एपिडोटचा तो पोपटी-पिस्ता रंग एकदा ओळखायला लागलात की विसरत नाही. पातळ अॅसिडचा थेंब टाकला की कॅल्साइटमुळे फसफसतं. मूळ खडकाचा पोत अजून शाबूत असतो, दाणे ओळखता येतात. मग पुढे कुठेतरी हिरवा रंग उतरतो, कांडी राखाडी-पांढरी होते, ओली केली की रेशमासारखी चमक दिसते, हा सेरिसाइट, म्हणजे बारीक अभ्रक, आणि त्यासोबत क्वार्ट्झ आणि पायराइट, पायराइट तर इतका की बॉक्स उचलताना वजन कळतं. इथे फेल्डस्पारचे (ग्रॅनाइटमधलं मुख्य खनिज) दाणे फक्त आकाराने उरलेले, आतून सगळे बदललेले. आणि त्याच्याही आत गेलं की खडक पुन्हा कडक होतो, गुलाबी पोटॅश फेल्डस्पार, बारीक तपकिरी बायोटाइट, मॅग्नेटाइट. दोऱ्याला बांधलेलं चुंबक कांडीजवळ नेलं की एकदम ओढलं जाऊन टक्कन चिकटतं. क्वार्ट्झच्या शिरा इथे नागमोडी, एकमेकींना कापत जाणाऱ्या, कुठली आधीची कुठली नंतरची ते कोण कोणाला कापतंय यावरून ठरवत बसायचं. जेवायची सुट्टी याच वादात जाते.

हे रंग म्हणजे तापमानाची आणि आम्लपणाची नोंद आहे. आतल्या गुलाबी भागात पाणी खूप गरम होतं, पोटॅशियम देत होतं. थंड होताना त्यातला सल्फर डायऑक्साइड पाण्याशी मिळून एकीकडे सल्फ्युरिक अॅसिड आणि दुसरीकडे हायड्रोजन सल्फाइड असा दुभंगतो, म्हणजे पाणी थंड होता होता आंबट होत जातं. आंबट पाण्याने फेल्डस्पार खाल्ला की अभ्रक आणि क्वार्ट्झ उरतात, पोटॅशियम वाहून जातं. आणखी आंबट असेल तर अभ्रकही टिकत नाही, चिनी माती होते. बाहेरचा हिरवा भाग बहुतेक करून आजूबाजूचं साधं भूजल गरम होऊन फिरल्याने झालेला.

या थरांवर विश्वास ठेवून डेव्हिड लोवेल नावाच्या माणसाने अॅरिझोनात केलेली करामत आमच्या क्षेत्रात अजून सांगितली जाते. सॅन मॅन्युएलची तांब्याची खाण आधीपासून चालू होती. लोवेलने तिथले बिघाडाचे पट्टे नीट मांडले तर ते पूर्ण वर्तुळात बसेनात, अर्ध्यात कापल्यासारखे. त्याने अंदाज बांधला की हा साठा आख्खा कलंडलाय, मग एका फॉल्टने, म्हणजे खडक सरकवणाऱ्या मोठ्या भेगेने, कापला गेलाय आणि उरलेला अर्धा भाग घसरून खोल कुठेतरी गाडला गेलाय. वरती तांब्याचं नावनिशाण नाही. तिथे ड्रिल केलं आणि १९६५ साली कलामाझू नावाचा तो दुसरा अर्धा भाग सापडला. मग १९७० साली त्याने जॉन गिल्बर्टबरोबर पोर्फिरीच्या थरांचं ते मॉडेल छापलं, जे आज प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. तांब्यासाठी बांधलेलं मॉडेल सोन्यालाही चाललं, कारण पाणी तेच.

आता मगाशी म्हटलं तो सांडण्याचा प्रश्न. खूप गरम आणि खारट पाण्यात सोनं क्लोराइडच्या सोबतीने फिरू शकतं, पण तापमान उतरलं की त्याची खरी गाडी म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, पुन्हा गंधकच. तेव्हा सोनं पाडायचं तर त्याच्याकडून गंधक काढून घ्यायचा, इतकं सोपं. पाणी उकळलं की हायड्रोजन सल्फाइड वाफेबरोबर निघून जातो आणि सोनं बिचारं निराधार होऊन जागच्या जागी बसतं. हे नुसतं कागदावरचं नाही. न्यूझीलंडमध्ये ब्रॉडलँड्सला भूऔष्णिक विहिरी आहेत, तिथल्या खोल पाण्यात सोनं टनामागे दीडेक मिलिग्रॅम, म्हणजे काहीच नाही. पण विहिरीच्या तोंडाशी जिथे दाब एकदम कमी होतो आणि पाणी भडकन उकळतं तिथल्या पोलादी प्लेटवर जमलेली पपडी केविन ब्राउन यांनी तपासली, १९८६ साली ते छापून आलं, आणि त्या पपडीत सोन्याचं प्रमाण टक्क्यांमध्ये निघालं. टक्क्यांमध्ये! जी गोष्ट खडकात घडायला युगं लागली असं आपण धरून चालतो ती पाइपात माणसाच्या डोळ्यांदेखत झाली.

जपानमधली हिशिकारी ही याच प्रकारची खाण, १९८१ साली सापडलेली, दहा लाख वर्षांच्या आसपासच्या शिरा, आणि त्यात टनाला तीस-चाळीस ग्रॅम सोनं, जे आजच्या जगात अविश्वसनीय आहे. खाणीत अजूनही ६५ अंशांचं पाणी येतं, ते उपसल्याशिवाय काम होत नाही.

वर पृष्ठभागाच्या जवळ आणखी एक प्रकार आहे, तो दिसायला सगळ्यात विद्रूप. मॅग्मातून सुटलेले वायू थेट वर येऊन भूजलात मिसळले की इतकं तिखट अॅसिड तयार होतं की खडकातलं जवळजवळ सगळं धुऊन जातं, अॅल्युमिनियमसुद्धा, आणि नुसती सिलिका उरते, भोकाभोकांची, जिथे फेल्डस्पारचे दाणे होते तिथे त्याच आकाराच्या रिकाम्या खोबण्या. अशी कांडी हातात घेतली की हलकी लागते, जीभ लावली तर चिकटते (हो, आम्ही दगड चाटतो). अॅसिडने एवढी नासधूस केली तेव्हा सोनं बहुधा आलेलंच नव्हतं, त्याने फक्त जागा मोकळी करून ठेवली, आणि नंतर आलेल्या वेगळ्या पाण्याने त्या खोबण्यांत तांबं-सोनं भरलं. फिलिपिन्समध्ये लेपांतो इथे वरचा हा अॅसिडने खाल्लेला भाग आणि त्याच्या खालचा फार साउथईस्ट नावाचा पोर्फिरी साठा दोन्ही तपासले तर वयं जुळली, साधारण १४ लाख वर्षं. म्हणजे एकाच चुलीचा खालचा जाळ आणि वरचा धूर. सोन्याचा धूर निघणं हे आपण भरभराटीच्या कौतुकाने म्हणतो, इथे ते अक्षरशः आहे.

आणि वेळ किती लागतो याचं माझं आवडतं उत्तर पापुआ न्यू गिनीतल्या लिहिर बेटावरचं. तिथे ज्वालामुखीचा कडा समुद्राच्या बाजूला कोसळला, खालच्या गरम यंत्रणेवरचा दाब एका फटक्यात गेला, आणि त्या विवरात लाडोलाम नावाचा १३०० टनांच्या घरातला सोन्याचा साठा आहे. जमीन अजून तापलेली. स्टुअर्ट सिमन्स आणि केविन ब्राउन (हो, पपडीवालेच) यांनी किलोमीटरहून खोल विहिरींतलं पाणी मोजलं, टनाला १५ मिलिग्रॅम सोनं, आणि वर्षाला सुमारे २४ किलो सोनं या पाण्याबरोबर वर येतंय असा हिशेब २००६ साली मांडला. या वेगाने आख्खा साठा ५५ हजार वर्षांत भरतो. भूगर्भशास्त्रात ५५ हजार वर्षं म्हणजे काल दुपार.

इथवर वाचून वाटेल की सगळं श्रेय मॅग्माचं. तसं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, आणि इथेच पुस्तकी वाचन केलेली मंडळी घसरतात. सोन्याची शीर ग्रॅनाइटला लागून आहे म्हणजे ती ग्रॅनाइटमधूनच आली असं होत नाही. कोलारचं घ्या, १८८० च्या दशकापासून २००१ पर्यंत आठशे टनांवर सोनं निघालं, तीन किलोमीटरहून खोल गेली खाण, आजूबाजूला ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेरी खडक) भरपूर. पण अशा जुन्या पट्ट्यांतलं पाणी बहुतांश खडक खोलवर दबून-तापून त्यातल्या खनिजांमधून पिळून निघालेलं असावं असा आज जास्त लोकांचा कल आहे, खारटपणा कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर अशी त्याची ओळख. यात मॅग्मा असलाच तर उष्णता पुरवण्यापुरता. ऑस्ट्रेलियात कॅलगूर्लीला तर आग्नेय खडकाची भूमिका तिसरीच, तिथला गोल्डन माइल डोलेराइट सोनं येण्याच्या कितीतरी आधी गोठून बसलेला होता. तो फक्त ठिसूळ होता म्हणून नीट तडकला, आणि त्यात लोह भरपूर होतं म्हणून आलेल्या पाण्यातला गंधक त्या लोहाने धरून पायराइट बनवला आणि सोनं तिथेच पडलं. म्हणजे इंट्रुजन (जमिनीखालीच घुसून गोठलेला मॅग्मा) कधी सोनं देतं, कधी नुसता जाळ देतं, कधी नुसती जागा देतं, आणि नकाशावर तिन्ही ठिकाणी रंग एकच.

नेवाडातलं कार्लिन तर अजून वादात आहे. १९६१ साली सापडलं, सोनं इतकं बारीक की ते आर्सेनिकवाल्या पायराइटच्या आत दडलेलं, भिंगाखाली सोडा, साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही, त्यामुळे आधीच्या शतकातले घमेली घेऊन फिरणारे त्यावरून चालत गेले. बिघाडाची खूणही उलटीच, अॅसिडने चुनखडी विरघळून खडक काजळीसारखा काळा आणि ठिसूळ झालेला. हे सोनं बसलं त्याच काळात, म्हणजे साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी, त्या प्रदेशात मॅग्मा वर येत होता हे नक्की, पण हेच सोनं त्यातून आलं असं म्हणायला बोट ठेवता येईल असं इंट्रुजन बहुतेक खाणींमध्ये वर दिसत नाही. मला मॅग्मावाल्यांचा पक्ष पटतो, पण पैज लावायला सांगाल तर मोठी लावणार नाही.

एक गोष्ट मात्र आकर्षक नकाशे बघणाऱ्यांना सांगावीशी वाटते. उपग्रहातून अॅल्युनाइट (हेही अॅसिडच्या बिघाडातलं खनिज), चिनी माती, सेरिसाइट ओळखता येतात, १९९९ साली सोडलेल्या टेरा उपग्रहावरचं अॅस्टर नावाचं उपकरण त्यासाठी वापरलं गेलं, आणि वाळवंटी भागात लाल-पिवळे ठिपके इतके सुंदर दिसतात की सगळीकडे सोनंच आहे असं वाटावं. त्यातले बहुतेक ठिपके कोरडे निघतात. गरम पाणी आलं, खडक बिघडवला आणि रिकाम्या हाताने निघून गेलं, हे पृथ्वीवर नेहमीचं आहे. रंग इतकंच सांगतो की पाणी येऊन गेलं. त्याच्या खिशात काय होतं ते लॅबचा रिपोर्ट आल्यावरच कळतं, आणि तो तीन आठवडे येत नाही.

आणि उलटंही होतं, ते जास्त त्रासाचं. अलास्कातली फोर्ट नॉक्स खाण सुमारे नऊ कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटच्या आतच आहे. सोनं समांतर बारीक शिरांमध्ये, शिरेच्या दोन्ही बाजूंना बिघाड नखभर, मधला खडक ताजातवाना, पायराइट शोधावा लागतो. फेअरबँक्सच्या ओढ्यांमधून १९०२ पासून सोनं काढत होते, पण या ग्रॅनाइटमधली मोठी खाण सुरू व्हायला १९९६ आलं. तिथे कांडीवर रंग बघून काही कळत नाही, बिस्मथ नावाचा धातू बघावा लागतो. बिस्मथ २७१ अंशांलाच वितळतं, आणि गरम पाण्यात त्याचे वितळलेले थेंब आजूबाजूचं सोनं आपल्यात ओढून घेतात हे प्रयोगांत दाखवलं गेलंय, त्यामुळे दोघं एकत्र सापडतात. मी त्या प्रकारच्या ग्रॅनाइटची कोअर बघताना पहिल्या दिवशी सगळ्या बॉक्सवर ‘ताजा, अल्टरेशन (म्हणजे बिघाड) नाही’ असं लिहित होतो, आणि शेजारी बसलेली सीनियर बाई काही न बोलता प्रत्येक राखाडी शिरेवर लाल खडूने सॅम्पलची खूण करत चालली होती.